पळतो एक, डोकं लावतात सगळे!

सायकल शर्यत म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मुंबई-पुणे! बोरघाटात सगळ्यांना मागे टाकणारा तो 'घाटाचा राजा'. राजाचा फोटो पेपरात येतो. पण घाटाच्या पायथ्यापर्यंत त्याच्यापुढे राहून वारा कोणी खाल्ला, हे कोणी विचारत नाही. रोड सायकलिंगचा खरा फंडा तिथेच आहे, बॉस!

वाऱ्याचं गणित

आम्ही ऑफिसातले पाच-सहा जण रविवारी सोलापूरहून तुळजापूर रोडला सायकली काढतो. समोरून वारं सुटलं की पुढच्याचा घाम निघतो आणि त्याच्या मागचा मजेत गप्पा मारतो. कारण सपाट रस्त्यावर बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. बर्ट ब्लॉकेन या संशोधकाने 2018 मध्ये 121 सायकलस्वारांच्या घोळक्याचा, म्हणजे 'पेलोटॉन'चा अभ्यास केला. घोळक्याच्या पोटात हवेचा विरोध एकट्याच्या तुलनेत जेमतेम 5 ते 10 टक्के उरतो, असं त्यात दिसलं.

म्हणूनच कोणी 'ब्रेकअवे' करून पळालं तरी पेलोटॉन लगेच घाबरत नाही. जुना ठोकताळा असा, की जोर लावला तर दर 10 किलोमीटरमागे 1 मिनिटाची आघाडी भरून काढता येते. मग लगेच का पकडत नाहीत? कारण लवकर पकडलं की दुसरा पळणार! त्यापेक्षा पळणाऱ्यांना दमू द्यायचं आणि शेवटी गाठायचं.

ओढायचं कोणी?

खरी गंमत इथे आहे. पुढे पळालेल्यांत आपला माणूस असेल, तर ती टीम पाठलागाला हात लावत नाही. ज्यांचा माणूस नाही, त्यांनी ओढायचं. त्यांचे 'डोमेस्टिक', म्हणजे लीडरसाठी राबणारे गडी, पुढे येऊन वारा खातात, दमतात आणि मागे पडतात. पण मोठ्या टीम 'आधी तू, आधी तू' करत बसल्या, की संपलंच. आपल्या ऑफिसात डेडलाइन जवळ आल्यावर होतं ना, अगदी तस्सं!

25 जुलै 2021, टोकियो ऑलिंपिक, महिलांची 137 किलोमीटरची शर्यत. ऑस्ट्रियाची आना किसेनहोफर सुरुवातीलाच चौघींसोबत पळाली. गणितात पीएचडी, प्रो टीमचा करार नाही, सोबतीला देशाची एकही खेळाडू नाही. आघाडी 10 मिनिटांवर गेली. मागे नेदरलँड्सच्या चार दादा खेळाडू होत्या, पण जीव तोडून पाठलाग कोणी सुरू करेना. त्यात ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ चालत नाही. शेवटच्या 41 किलोमीटरला आना एकटीच निघाली. बाकीच्या दोघी पकडल्या गेल्यावर मागच्यांना वाटलं, झालं, आता पुढे कोणी नाही! आनमिक व्हॅन व्ल्यूटनने रेषा ओलांडताना विजयाचे हात उंचावले. सोनं तिच्या 75 सेकंद आधीच गेलं होतं.

आता बघायचं काय?

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली आणि टीमवाली स्टेज रेस आपल्या दाराशी आली. पुढची रेस बघाल तेव्हा तीन गोष्टी बघा: पळालेल्यांत कोणाकोणाची माणसं आहेत, घोळक्याच्या तोंडाशी कोणाची जर्सी राबतेय आणि अंतर किती उरलंय. टूर द फ्रान्सचा विजेता बक्षिसाची रक्कम सहकाऱ्यांत वाटून टाकतो, अशी जुनी प्रथा आहे. वारा कोणी खाल्ला, हे त्याला पक्कं ठाऊक असतं!