स्कॅनमधून सुटलेल्या फाइल

संगणकाचं पूर्ण स्कॅन संपलं की अँटिव्हायरस हिशेब मांडतो: इतक्या लाख फाइल तपासल्या, व्हायरस शून्य, आणि अमुक इतक्या फाइल तपासता आल्या नाहीत. या शेवटच्या ओळीने भल्याभल्यांचा जीव टांगणीला लागतो. वर्षाचे पैसे मोजून घेतले, मग या फाइल सोडल्या का?

अँटिव्हायरस हा पुण्याला परका विषय नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढे संगणक दुरुस्तीला येऊ लागले, तेव्हा त्यांतले व्हायरस काढायला धाकटे बंधू संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले आणि १९९०च्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभं राहिलं. २०१६मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. सुरुवातीचा तो काळ डॉसचा. एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा, त्यामुळे तपासणाऱ्याला आडवं येणारं सहसा कुणी नसे.

विंडोजमध्ये मात्र एकाच वेळी शेकडो कामं चालू असतात. सी ड्राइव्हवर पेजफाइल नावाची एक लपवलेली फाइल असते. रॅम अपुरी पडली की विंडोज तिथला मजकूर तात्पुरता या फाइलमध्ये टाकतं. विंडोज चालू आहे तोवर तिचा ताबा फक्त विंडोजकडे, दुसऱ्या कुणाला ती उघडू दिली जात नाही. हायबरनेशनची फाइल, पासवर्डची माहिती सांभाळणारी ‘सॅम’ ही फाइल, यांचंही तेच. अडवलं नसतं तरी पेजफाइल तपासून फारसं हाती लागलं नसतं. तिच्यात वेगवेगळ्या प्रोग्रॅमचे विखुरलेले तुकडे असतात. चालू मेमरीची झडती अँटिव्हायरस वेगळी घेतो. शंकाच असेल, तर विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासणी करणारं ‘बूट टाइम स्कॅन’ लावावं.

पासवर्ड घातलेल्या फाइलची गोष्ट निराळी. ई-आधारची पीडीएफ बघा. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल टाकल्याशिवाय ती उघडत नाही, हे आता घरोघरी पाठ आहे. पासवर्डमुळे आतला मजकूर सांकेतिक होतो आणि अँटिव्हायरसच्या हाती निव्वळ अगम्य बाइट लागतात. ओळखीच्या व्हायरसच्या खुणा त्यात शोधणार कशा? बँकेचं स्टेटमेंट असो वा पासवर्डवाली झिप, अडचण तीच.

व्हायरस लिहिणाऱ्यांनी ही फट केव्हाच हेरली. २००४मध्ये ‘बॅगल’ नावाचा वर्म ईमेलमधून पसरला. जोडलेल्या झिपला पासवर्ड, आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला! अँटिव्हायरसवाल्यांनी मेलमधला पासवर्ड वाचून झिप उघडायची सोय केली, तर पुढच्या आवृत्त्यांमध्ये पासवर्ड चित्राच्या रूपात यायला लागला. माणसाला दिसतो, यंत्राला वाचता येत नाही. चोराच्या अकलेला दाद द्यावीच लागते.

काही फाइल अँटिव्हायरस स्वतःहून सोडतो. ४२ किलोबाइटची एक कुप्रसिद्ध झिप आहे. झिपच्या पोटात झिप असं करत ती पूर्ण उलगडली, तर साडेचार पेटाबाइट, म्हणजे सुमारे ४५ लाख जीबी भरते. असली फाइल उलगडत बसला तर संगणकच झोपेल, म्हणून किती थर आणि किती आकारापर्यंत आत शिरायचं याची मर्यादा ठरलेली असते. बाकी खराब झालेल्या, परवानगी नसलेल्या किंवा फक्त क्लाउडवर असलेल्या फाइलही या यादीत दिसतात.

तेव्हा न तपासलेल्या फाइलींचा आकडा बघून घाबरू नका. अहवाल उघडून त्यांची नावं बघा. विंडोजच्या फोल्डरमधली नेहमीची नावं असतील, तर सोडून द्या. डाउनलोडमध्ये पासवर्डवाली अनोळखी झिप असेल, तर ती न उघडता काढून टाका. ओळखीच्या माणसाने पाठवलेली फाइल उघडावीच लागली, तर आधी त्याला फोन करून खात्री करा आणि रिअल टाइम प्रोटेक्शन चालू ठेवा. झिपमधून फाइल बाहेर आली की ती तपासता येते. आणि ‘फाइल उघडत नाही, अँटिव्हायरस जरा बंद करा’ असं कुणी सांगितलं, तर मुळीच ऐकू नका.