टक आवाज येतो, सेल्फ फिरत नाही

मुकुटबनच्या एका वाचकांनी त्यांच्या जुन्या डिझेल जीपची तक्रार कळवली आहे. सकाळी गाडी एका झटक्यात सुरू होते. वणीला जाऊन आली, पाच मिनिटं बंद ठेवली, की कधीकधी चावी फिरवल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज येतो आणि सेल्फ फिरत नाही. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत. अर्ध्या तासानं, कुणी हात न लावता, गाडी पुन्हा सुरू. बॅटरी नवी टाकली, काही दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. गॅरेजमध्ये नेली की तिथे मात्र हटकून सुरू होते. त्यांचा प्रश्न नेमका आहे: लाइट लागतो म्हणजे करंट आहे, मग तो सेल्फला का मिळत नाही?

हिशोब करून पाहू. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ २०० अँपिअर सहज ओढतो, पहिल्या क्षणी त्याहूनही जास्त. आता बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत एखादा सांधा खराब होऊन तिथे ०.०२ ओहम रोध आला असं धरा. बल्बच्या प्रवाहाला तिथे एक दशांश व्होल्टसुद्धा गमवावा लागत नाही. सेल्फच्या प्रवाहाचे मात्र तिथेच ४ व्होल्ट जातात. एवढा भार पडल्यावर बॅटरीही १२ वर टिकत नाही, ती दहा-अकरावर उतरते. उरलेल्या सहा-सात व्होल्टांत डिझेल इंजिनचं कॉम्प्रेशन ओलांडण्याचं बळ नसतं. एसटी स्टँडचं अरुंद फाटक एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही, यात्रेच्या दिवशी तेच सगळ्यांना अडवून धरतं, तसा हा सांधा.

हा ०.०२ ओहम साध्या मल्टिमीटरवर ओहमचा आकडा लावून सापडत नाही. मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. म्हणून वायर ‘चेक’ केली तर ती ठणठणीत दिसते आणि मिस्त्री बॅटरीकडे वळतो.

ज्याच्या नियमावर हा हिशोब उभा आहे त्या जॉर्ज ओहमची गोष्ट इथे सांगायलाच हवी. जर्मनीतल्या एर्लांगेन गावातल्या एका कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. बाप शाळेत फारसा गेलेला नव्हता, पण स्वतः गणित शिकून त्यानं ते मुलांना शिकवलं. पुढे कोलोनच्या शाळेत मास्तरकी करताना ओहम तारांमधून जाणारा प्रवाह मोजू लागला. १८२५ मध्ये त्यानं सूत्र छापलं ते चुकीचं होतं. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता, त्याच्या बॅटरीचा होता. त्या काळचे घट वापरता वापरता मलूल पडत, आणि थोडा वेळ सोडले की पुन्हा तरतरीत होत. तार बदलल्यामुळे प्रवाह बदलला की घटाचा दम गेल्यामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हा पोगेनडॉर्फ या विज्ञान-नियतकालिकाच्या संपादकानं त्याला सुचवलं की, घट सोडा आणि सीबेकनं नुकताच शोधलेला उष्णतेवर चालणारा विद्युतस्रोत वापरा. ओहमनं तांबं आणि बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळतं आहे आणि बर्फ वितळतो आहे तोवर तापमान हलत नाही, म्हणून विजेचा दाबही हलत नाही. १८२६ मध्ये नियम स्वच्छ हाती आला. मायदेशात त्याच्या १८२७ च्या ग्रंथाचं स्वागत थंडच झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ मध्ये कोपली पदक दिलं. म्युनिकमध्ये भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षं आधी. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याचं सूत्र येतं, पण हा उकळत्या पाण्याचा प्रयोग येत नाही, आणि मला ते फार लागतं. सूत्र मुलं विसरतील, पण सगळं एकदम बदलत असताना एक गोष्ट पक्की धरून ठेवायची, ही युक्ती आयुष्यभर कामाला येते.

जीपला हीच युक्ती लावायची. बॅटरी, सेल्फ, वायर असं एकेक बदलत बसण्यापेक्षा दोष हजर असताना मोजायचं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, डिझेल बंद करायचा स्टॉपर खेचलेला. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. आता कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंगमध्ये दोष आहे. मग तसंच पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत, आणि शेवटी बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये. सेल्फ ओढत असताना तिथे साडेनऊच्या खाली आकडा गेला तरच बॅटरीला दोष द्यावा. नुसती उभ्या गाडीवर १२.६ पाहून बॅटरी चांगली म्हणणं किंवा न मोजताच ती बदलायला लावणं, दोन्ही मला मान्य नाही. नवी बॅटरी थोडा जास्त दम लावते, त्यामुळे खराब सांधा काही दिवस झाकला जातो, एवढंच. आणि हल्ली स्कॅनरचा फार बोलबाला आहे. पण या जीपला सेन्सरच नाहीत, तर स्कॅनर वाचणार काय?

माझा पहिला संशय अर्थिंगच्या पट्टीवर आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीनं चॅसीपासून तुटलेलं. दोघांना जोडते ती तांब्याची विणलेली पट्टी. कोळशा-सिमेंटच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर इंजिन हादरत राहतं आणि पट्टीचे धागे एकेक करून तुटतात, बोल्टखाली गंज चढतो. ती अगदीच गेली की प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली तर निदान झालं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यानं जाते, पण क्लॅम्पच्या आतल्या बाजूचा काळपट थर जात नाही. आधी निगेटिव्ह काढून, पॉलिश पेपरनं शिसं चकाकेपर्यंत घासावं लागतं.

गाडी तापल्यावरच का, याचं कारण तांब्यात आहे. दर अंशाला तांब्याचा रोध सुमारे ०.४ टक्के वाढतो. मे महिन्यात विदर्भात हवाच ४५ अंशांवर जाते, आणि इंजिनला चिकटलेला सेल्फ त्याहून कितीतरी जास्त तापतो. चावी फिरवल्यावर चुंबकानं सेल्फचे मोठे संपर्क जोडतो तो सोलेनॉइड; ४० वरून १०० अंशांवर गेलेल्या त्याच्या कॉइलमधला प्रवाह जवळपास पाचव्या हिश्शानं घटतो, आणि खेच त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे साधारण एक तृतीयांशानं. ‘टक’ होतो, पण आतले जळके संपर्क पुरते दाबले जात नाहीत. दोन्ही बाजूंचे आकडे चांगले आले आणि तरी सेल्फ गप्प राहिला, तर सोलेनॉइडचे संपर्क आणि सेल्फचे कार्बन उघडून पाहावेत. ‘टक’सुद्धा येत नसेल तर चावीपासून येणारी बारीक वायर तपासावी. मात्र पान्यानं सेल्फ डायरेक्ट करू नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोर उभ्या माणसाच्या अंगावर जाते.