कमी चाललेली मस्टँग : गुंतवणूक की हौस?

"सर, गाडी फक्त नऊ हजार किलोमीटर चाललीय. पुढे भाव वाढणारच." माझा जुना विद्यार्थी सांगत होता. अब्बांनी भिवंडीतले लूम विकले, त्या पैशातून त्याला सेकंडहँड फोर्ड मस्टँग घ्यायची आहे.

ही अमेरिकन मसल कार भारतात २०१६ मध्ये आली, किंमत सुमारे ६५ लाख. २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. आता मिळत नाही म्हणजे महाग होणार, हा त्याचा हिशोब. पण दुर्मिळ असणं वेगळं आणि गिऱ्हाईक मिळणं वेगळं. १९९६ मध्ये बंद झालेल्या यामाहा आरएक्स १०० ला आज मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव येतो, कारण तिचे शौकीन गल्लोगल्ली आहेत आणि मेकॅनिकही. मस्टँगचे पार्ट बाहेरून मागवावे लागतात. विम्याच्या तक्त्यात तर चार वर्षांवरच्या गाडीची किंमत निम्मी धरतात.

कमी किलोमीटरवरही भाळू नये. बंद लूम गंजतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. उभ्या गाडीचीही बॅटरी बसते, रबर कडक होतं. टायरवरचा चार आकडी नंबर बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरपेक्षा सर्व्हिसची नोंद मागा.

आणखी एक. स्वतः वापरायच्या गाडीवर जकात नाही. पण नफ्यावर विकायच्या नियतीने घेतली, तर ती तिजारतीचा माल. दरवर्षी बाजारभावावर अडीच टक्के.

"अब्बांना विचारलंस?" मी म्हटलं. तो गप्प झाला.