विमा कायद्यापुरता की उपजीविकेसाठी?

घरोघर पार्सले पोचविणारा कुरिअरवाला असो वा अवजारे घेऊन फिरणारा सुतार, त्याची उपजीविका चालते ती गाडीवर. तथापि विमा उतरविताना तो पाहतो केवळ हप्ता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा त्रयस्थाच्या हानीसाठी असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी व्यापक विमा लागतो. गाडीतील माल व अवजारे यांना मात्र त्याचेही संरक्षण नसते. त्यांचा विमा निराळा घ्यावा लागतो. शिवाय खासगी वापरासाठी विमा उतरविलेली व्हॅन भाड्याने माल वाहू लागली, तर भरपाईच नाकारली जाण्याचा धोका असतो. हप्त्यातील बचत अशी अपघाताच्या दिवशी महाग पडते. सहीपूर्वी विमापत्रातील वापराच्या मर्यादा वाचणे, हीच खरी काटकसर होय.