भिंतीवरचं एक अक्षर

भिंतीवर रंगानं काढलेलं एक वर्तुळ आणि त्यात एकच चिनी अक्षर : ‘छाय’. म्हणजे ‘पाडा’. १९९० नंतरच्या बीजिंगमध्ये हे अक्षर घरावर उमटलं, की आतल्या कुटुंबाला कळायचं, आपला इथला शेर संपला.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली चिनी छायाचित्रं पाहताना मी पुन्हा पुन्हा या भिंतीपाशी येऊन थांबतो. चीन किती बदलला हे आकडे सांगतातच. पण तो बदल अंगावर घेताना काय वाटलं, हे या भिंतींच्या फोटोंत सापडतं.

जुनं बीजिंग म्हणजे हुटोंग, चिंचोळ्या गल्ल्या. त्यांत मधे अंगण असलेली चौसोपी घरं. शहरातली जमीन सरकारी. १९८८ साली राज्यघटना दुरुस्त झाली आणि जमीन वापरायचा हक्क विकता येऊ लागला. मोक्याच्या जागांना मोल आलं, बिल्डर आले, जुन्या वस्त्यांच्या पुनर्विकासाची योजना आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणारी माणसं शहराच्या कडेला उंच इमारतींत गेली. पुढे २००१ मध्ये ऑलिंपिकचं यजमानपद मिळालं आणि पाडापाडीला आणखी वेग आला.

झांग दाली हा चित्रकार १९८९ मध्ये इटलीला गेला होता. १९९५ मध्ये परतला तेव्हा ओळखीचं शहर डोळ्यांदेखत नाहीसं होत होतं. तो रात्री निघायचा आणि पाडायला काढलेल्या भिंतींवर स्प्रेनं एका टकल्या माणसाचं डोकं रेखाटायचा. बाजूनं दिसणारा, स्वतःचाच चेहरा. अशी दोन हजारांवर डोकी त्यानं काढली. हे कुणा टोळीचं चिन्ह आहे की काय, अशी शंका लोकांना आली. वर्तमानपत्रांतून वाद झडले. त्याचा १९९८ चा एक फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अर्धवट पडलेली विटांची भिंत, तिच्यात त्या डोक्याच्या आकाराचं आरपार भगदाड आणि भगदाडातून दूरवर दिसणारा राजवाड्याचा कोपऱ्यातला मनोरा. सम्राटांचा वाडा जपलेला, सामान्यांच्या घराचा ढिगारा. भिंत गेली, चित्र गेलं. उरला तो फोटो.

वांग जिनसोंग या कलाकारानं १९९९ मध्ये ‘छाय’ या अक्षराचेच शंभर फोटो एकत्र मांडले. सुलेखनाला जिथं मोठी कला मानतात, त्या देशात हे अक्षर गल्लोगल्ली असं फासलेलं होतं. शंभर भिंती, शंभर हातांची वळणं. त्याआधी १९९६ मध्ये याच माणसानं दोनशे कुटुंबांचे फोटो जोडून एक काम केलं होतं : आई, वडील, मधे एकुलतं एक मूल. एक-अपत्य धोरण समजावून सांगायला दुसरं काही लागू नये. एकेक फोटो साधा. दोनशे शेजारी शेजारी आले, की मावश्या-काकांची नातीच पुसली जाणार हे ध्यानात येतं.

दक्षिणेत मात्र भिंतीचा अर्थ बदलतो. छायाचित्रकार वेंग फेनच्या २००१ च्या सुमारासच्या फोटोंत गणवेशातली एक शाळकरी मुलगी भिंतीवर बसून आहे, आपल्याकडे पाठ करून. समोर हायकोऊ, शेन्झेन, ग्वांगझोऊचे टॉवर. तिचा चेहरा दिसत नाही. तिला हे सारं हवंय की धास्ती वाटतेय, कळत नाही. मला वाटतं, दोन्ही खरं असावं.

इकडे बीजिंगमध्ये रोंग रोंग या छायाचित्रकारानं १९९६ पासून पाडलेल्या घरांचे फोटो काढले. त्यांत माणूस नाही. उघड्या पडलेल्या खोलीच्या भिंतीवर कुणीतरी हौसेनं लावलेलं, आता फाटलेलं, सुंदर बाईचं पोस्टर तेवढं आहे. तो स्वतः ल्यूलीतुन भागातल्या अंगणाच्या घरात राहायचा. इनरी ही त्याची जपानी पत्नी, तीही छायाचित्रकार. लग्नानंतर तिचंही घर तेच. काही वर्षांनी त्या घराचीही पाळी आली. दोघं ढिगाऱ्यावर गेली, आपल्या विटांमध्ये बसली, हातात पांढरी फुलं घेतली आणि समोर कॅमेरा लावला.