दुकान मिरजेत, मी पुण्यात आणि मधे रिमोट डेस्कटॉप

हा भाग ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे की मी बोलता बोलता भरकटतो. इथे तेच बोलणं जरा सरळ करून लिहिलंय, कारण या भागात मेन्यूंची नावं आहेत, आकडे आहेत, आणि ते बसमध्ये कानात हेडफोन घालून ऐकताना लक्षात राहत नाहीत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो. पीसी घरी आहे, मी हॉस्टेलवर आहे, फोनवरून तो चालवता येईल का? येईल. फोनमध्ये टाकायचं ॲप ही त्यातली अगदी सोपी बाजू. त्याला व्ह्यूअर म्हणतात, दोन मिनिटांत होतं. खरं काम असतं ते घरच्या कॉम्प्युटरवर. ज्या मशीनमध्ये आपल्याला दुरून जायचंय ते मशीन म्हणजे इथे सर्व्हर. सर्व्हर म्हटलं की थंड खोलीतली कपाटं डोळ्यासमोर येतात, ते विसरा. मामांच्या दुकानातला धूळ खाल्लेला पीसीसुद्धा सर्व्हरच.

तर मामा. माझ्या मामांचं मिरजेत झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स. ऐन लग्नसराईत त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस दुकानात बसायला मनाई केली. अकरा पत्रिकांचा ॲडव्हान्स घेतलेला. मी म्हटलं, मामा, फाइली मला पाठवा, मी पुण्यातनं करून देतो. त्यावर ते नुसते हसले. कारण डीटीपीवाल्यांना माहीत असतं, जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नसतात. ती कोरलड्रॉची फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्ट, जुनं सॉफ्टवेअर, कीबोर्डची मांडणी, सगळं त्या एकाच मशीनवर. म्हणजे फाइल माझ्याकडे येऊन उपयोग नव्हता, मलाच त्या मशीनवर जायला हवं होतं. रविवारी त्यांना बघायला गेलो होतो, तेव्हाच बसवून टाकू म्हटलं. तासाभराचं काम, असं वाटलं होतं.

पहिलं गाडं अडलं ते विंडोजवरच. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप आधीपासून असतो. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग रिमोट डेस्कटॉप, आणि बटण चालू. पण हे फक्त प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्तीत. होम आवृत्तीवरून तुम्ही दुसऱ्याच्या मशीनवर जाऊ शकता, तुमच्या मशीनवर कुणाला येऊ देता येत नाही. दुकानात होम होतं. तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे ते सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या अबाउट पानावर दिसतं. आधी तेच बघा. नेटवर होमला फसवून प्रो करणारे पॅच मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. प्रत्येक अपडेटला ते तुटू शकतात आणि कुणी बनवलेत याचा पत्ता नसतो.

प्रो असेल तरी दोन गोष्टी माहीत हव्यात. खात्याला पासवर्डच नसेल तर बाहेरून लॉगिन होत नाही, आणि रोज टाकता तो चार आकडी पिन इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. दुसरं म्हणजे, तुम्ही आत गेलात की तिकडची स्क्रीन लॉक होते. समोर बसलेल्या माणसाला काही दिसत नाही. हॉस्टेलवरून स्वतःचा पीसी वापरायला हे उत्तम. पण आमच्याकडे मामी काउंटरवर आणि मी पुण्यात, दोघांनाही एकच पत्रिका दिसायला हवी होती. म्हणजे प्रो असतं तरी ते आमच्या कामाचं नव्हतंच.

मग व्हीएनसी. ही फार जुनी कल्पना आहे. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत तयार झाली आणि १९९८ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. व्हीएनसी तिकडची स्क्रीन जशीच्या तशी चित्र म्हणून इकडे पाठवतं आणि इकडचा माउस, कीबोर्ड तिकडे नेतं. म्हणून ते विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, आणि दोन्ही टोकांना एकच दृश्य दिसतं.

मी टाइटव्हीएनसी टाकलं. फुकट आहे, हलकं आहे. ते त्यांच्या स्वतःच्याच साइटवरून घ्या, सर्चमध्ये वर येणाऱ्या भलत्याच डाउनलोड साइटवरून नको. इन्स्टॉल होताना तो विचारतो, सर्व्हर सिस्टिम सर्व्हिस म्हणून नोंदवू का? हो म्हणायचं. सर्व्हिस म्हणून बसलं की मशीन रीस्टार्ट झाल्यावर, कुणी लॉगिन करायच्या आधीही ते चालू असतं. नाहीतर वीज जाऊन आली की तुम्ही बाहेर, आणि मिरजेत उन्हाळ्यात वीज जाते हे काय सांगायचं. फायरवॉलमध्ये वाट करून देऊ का, यालाही हो. शेवटी तो दोन पासवर्ड मागतो. एक बाहेरून येणाऱ्यासाठी, दुसरा सर्व्हरच्या सेटिंग बदलण्यासाठी. दोन्ही द्या आणि वेगवेगळे द्या. गंमत अशी की व्हीएनसीच्या या जुन्या पद्धतीत पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं धरली जातात. तुम्ही वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवून निवांत झोपलात तरी बारा वाया.

दुकानाच्या वायफायवर बसून फोनमधल्या व्ह्यूअरला मशीनचा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिला आणि झटक्यात कोरलड्रॉ माझ्या फोनवर! मामी म्हणाल्या, "अरे, माउस आपोआप हलतोय की." आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मामांना मात्र ते आवडलं नव्हतं. पलंगावरून म्हणाले, "असंच ॲप टाकायला लावून लोकांचे पैसे काढतात ना? पेपरात येतं." बरोबर होतं त्यांचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशाच प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं. बँकेचा माणूस म्हणून फोन यायचा, एनीडेस्क टाकायला सांगायचे, त्यावर दिसणारा नऊ आकडी कोड मागायचे आणि मग फोन त्यांच्या हातात. ॲप खरं असतं, कोड मागणारा खोटा. मी मामांना सांगितलं, इथे कोड कुणाला सांगायचा नाहीये, पासवर्ड आपल्या दोघांतच राहील. ते एवढंच म्हणाले, "मला न विचारता उघडायचं नाही."

स्टेशनवर आलो. गाडीला पाऊण तास होता. चहा घेतला आणि सहज म्हणून फोनच्या मोबाइल डेटावरून जोडून बघितलं. काहीच नाही. गोल गोल फिरतंय. हे मला आधीच सुचायला हवं होतं. १९२.१६८ चा पत्ता हा घरातल्या घरात हाक मारण्यासारखा, गल्लीबाहेर त्याला अर्थ नाही. तुमच्यासाठी सांगतो, सर्व्हर बसवलात की तिथून निघायच्या आधीच फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तपासा. मी गाडी सोडली, रिक्षाने परत दुकानात.

आता इथे लोक सगळ्यात मोठी चूक करतात, आणि मीही केलीय. पुण्यातल्या माझ्या प्रो मशीनसाठी मी दोन वर्षांपूर्वी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं होतं. मायक्रोसॉफ्टचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ नंबरच्या दरवाजावर ऐकतो, तो दरवाजा थेट इंटरनेटकडे उघडा केला. मस्त चाललं. आठवड्याने सहज इव्हेंट व्ह्यूअर उघडला, सिक्युरिटीच्या नोंदींत ४६२५ हा क्रमांक बघितला. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. पानंच्या पानं भरलेली. 'ॲडमिनिस्ट्रेटर', 'टेस्ट', 'युजर' असल्या नावांनी कुणीतरी रात्रभर दार ठोठावत होतं. माणूस नाही, सगळे पत्ते ओळीने चाचपडत जाणारे प्रोग्राम. आणि नुसता पासवर्ड मजबूत असून भागत नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी बाहेर आली, तिच्यात पासवर्ड न देताच जुन्या विंडोजमध्ये जाता येत होतं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला, जिचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता. यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा.

मामांच्या त्या मशीनच्या डाउनलोड्समध्ये काय होतं माहितीये? झेरॉक्सला आलेल्या लोकांच्या आधार कार्डांचे, पॅन कार्डांचे स्कॅन. वर्षानुवर्षांचे. दरवाजा माझ्या सोयीसाठी उघडायचा आणि आत सामान अर्ध्या गल्लीचं. मी आधी ते फोल्डर रिकामं केलं, मग भिंतीवर चिकटवलेला वायफायचा पासवर्ड काढून बदलला.

तसंही तिथे पोर्ट फॉरवर्डिंग झालंच नसतं. बऱ्याच ठिकाणी, मोबाइल डेटावर तर हमखास, अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला असतो. त्याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. राउटरमध्ये दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर समजून घ्या आणि तासन् तास डोकं फोडू नका.

यावर मी वापरतो ते टेलस्केल. पीसीवर टाकायचं, फोनवर टाकायचं, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करायचं. दोन्हींना १०० ने सुरू होणारा एकेक खासगी पत्ता मिळतो आणि मधली वाट वायरगार्डने एन्क्रिप्ट होते. टाइटव्हीएनसी स्वतः स्क्रीन एन्क्रिप्ट करून पाठवत नाही, म्हणून ही वाट हवीच. व्ह्यूअरमध्ये तो १०० वाला पत्ता टाकला, मोबाइल डेटावर तपासलं, आणि रात्रीच्या एसटीने पुण्याला निघालो.

ज्यांना एवढं करायचं नाही त्यांनी क्रोम रिमोट डेस्कटॉप घ्यावं. ब्राउझरमधून सेटअप होतं, गूगल खातं आणि किमान सहा आकडी पिन लागतो, राउटरला हात लावावा लागत नाही, विंडोज होमवरही चालतं. कॉलेजच्या कामाला पुरेसं आहे.

मॅकवाल्यांना काही टाकायचंच नाहीये. सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, तिथे स्क्रीन शेअरिंग चालू करा. आत व्हीएनसीच आहे. शेजारच्या माहितीच्या बटणात कुणाकुणाला परवानगी ते ठरवा, 'सगळे' ठेवू नका. फाइलव्हॉल्ट चालू असेल तर रीस्टार्टनंतर कुणीतरी पासवर्ड टाकेपर्यंत तुम्हाला स्क्रीन मिळणार नाही, म्हणून बाहेरगावी असताना अपडेट मारू नका. रस्टडेस्कसारखं दुसरं सॉफ्टवेअर टाकलंत तर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन परवानग्या प्रायव्हसीच्या पानावर हाताने द्याव्या लागतात. पहिली दिली नाही तर स्क्रीन धड दिसत नाही, दुसरी दिली नाही तर दिसते पण क्लिक लागत नाही. "हँग झालं" असे मेसेज येतात ते बहुतेक यामुळेच.

लिनक्सवर जरा डोक्याला ताप आहे. उबंटू २२.०४ पासून सेटिंग्जमध्येच सोय आहे आणि ती आता व्हीएनसीपेक्षा मायक्रोसॉफ्टच्याच पद्धतीने बोलते, त्यामुळे फोनवर तेच ॲप चालतं. २४.०४ मध्ये तिथे दोन भाग दिसतात. डेस्कटॉप शेअरिंग म्हणजे आधीच लॉगिन केलेली स्क्रीन बघणं, आणि रिमोट लॉगिन म्हणजे कुणी बसलेलं नसताना बाहेरून नवीन लॉगिन. हॉस्टेलवाल्यांना दुसरं लागतं. जुना हमखास मार्ग म्हणजे एक्सआरडीपी. टर्मिनलमध्ये सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सआरडीपी, झालं. पण जोडल्यावर नुसता काळा पडदा दिसला तर घाबरू नका, बहुतेक वेळा तोच युजर समोरच्या स्क्रीनवरही लॉगिन असतो. तिकडे लॉगआउट केलं की चालतं. आणि इंटरनेटवर जुन्या लेखांत एक्स-११-व्हीएनसी टाका म्हणतात, ते वेलंडवर चालत नाही. रास्पबेरी पायवाल्यांना २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीत हाच धक्का बसला. तिथे आता वेव्हीएनसी आहे, रास्पी-कॉन्फिगमधून चालू होतं.

परत मिरजेला. सोमवारी सकाळी दहा वाजता काहीच जोडेना. मामींना फोन केला. "स्क्रीन काळी झालीय रे, मी हात नाही लावला." मशीन झोपलं होतं. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करायचं राहिलं होतं. स्क्रीन बंद झाली तर चालते, मशीन झोपलं तर सर्व्हरही झोपतो. मामेबहिणीने फोनवर विचारत विचारत ते बदललं आणि दुपारपर्यंत दोन पत्रिका छपाईला गेल्या.

मग मामा हट्टाला पेटले. घर दुकानाच्या वरच, वायफाय तेच. "मलाही फोनवर दाखव, मी पडल्या पडल्या बघतो." मामींनी मला बाजूला फोन करून बजावलं, हे बघणार नाहीत, कामच करत बसतील. टाइटव्हीएनसीच्या सेटिंगमध्ये एक तिसरा पासवर्ड असतो, फक्त बघण्याचा. स्क्रीन दिसते, माउस हलत नाही. मामांना तो दिला. पाच मिनिटांत त्यांचा फोन, "माझा माउस का चालत नाही रे?" मी म्हटलं, "मामा, नेट स्लो असेल."

त्या दिवसापासून मी पुण्यातून पत्रिका लावतोय आणि कानाला मामा, "मुलीच्या आजोळच्या आडनावाला वेलांटी पहिली आहे, दुसरी कर... गणपती अजून जरा डावीकडे घे. नाही, जास्त झालं." सोळाव्या दिवशी मी पासवर्ड बदलून त्यांना खरा दिला. त्यांनी आधी माझा गणपती डिलीट केला.