डेल लिहिलं म्हणून ऑब्जेक्ट मरत नाही

"सर, डेल मारलंय ना, मग रॅम का खाली होत नाही?" पायथॉन शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता मी उत्तर न देता सरळ स्क्रीनकडे बघतो. तिथे हमखास तेच असतं. दर चार ओळींनी एक डेल आणि त्याखाली जीसी डॉट कलेक्ट, गंडादोरा बांधावा तसं.

डेल ऑब्जेक्ट पुसत नाही, नाव पुसतं. रेशनकार्डावरून नाव कमी झालं म्हणून माणूस मेला असं कोणी म्हणत नाही. इथे मात्र बिनदिक्कत म्हणतात. 'यादी' नावाची एक लिस्ट करा (पायथॉन ३ मध्ये नावं देवनागरीतही चालतात, गंमत म्हणून बघाच), मग 'प्रत' बरोबर 'यादी' असं लिहा. लिस्ट एकच, नावं दोन. आता 'यादी'वर डेल चालवा आणि 'प्रत' छापा. लिस्ट जागच्या जागी. माझ्यावर विश्वास नसेल तर पायथॉनच्या अधिकृत लँग्वेज रेफरन्समधलं डेटा मॉडेलचं प्रकरण उघडा. डेलमुळे रेफरन्सची मोजणी फक्त एकाने कमी होते, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. ती शून्यावर आली तरच ऑब्जेक्टचा निकाल लागतो.

मग रॅम कोण अडवून बसतं? गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीची ज्युपिटर नोटबुक बघत होतो. भलीमोठी डेटाफ्रेम, डेल करून झालेलं, कलेक्ट तीनदा चालवलेलं, आकडा जैसे थे. वर सरकत गेलो तर एका सेलच्या शेवटच्या ओळीत तिने टेबल बघायला नुसतं डेटाफ्रेमचं नाव लिहिलेलं. असं दाखवलेलं प्रत्येक उत्तर ज्युपिटर 'आउट' नावाच्या डिक्शनरीत जपून ठेवतो. म्हणजे तिने आपलं नाव पुसलं, ज्युपिटरचा रेफरन्स कायम! रीसेट आउट ही मॅजिक कमांड दिली आणि रॅम खाली आली. डेलचा काही दोष नव्हता.

आणि त्या कलेक्टची एवढी पूजा कशाला? आपण सगळे वापरतो त्या सीपायथॉनमध्ये मोजणी शून्य झाली की ऑब्जेक्ट तिथल्या तिथे जातं, गार्बेज कलेक्टरची (कलेक्ट ज्याला बोलावतं त्याची) वाट बघत नाही. हा कलेक्टर २००० साली, २.० आवृत्तीत आला तो एका खास अडचणीसाठी: अ ने ब ला धरलंय, ब ने अ ला, बाहेरचं कोणी विचारत नाही, तरी दोघांची मोजणी शून्य होत नाही. असं वर्तुळ शोधून तोडणं हे त्याचं काम. जे तुमच्या कोडने अजून धरून ठेवलंय, त्याला तो हात लावणार नाही. शंभरदा बोलवा.

बाकीचे गैरसमज पटापट. इफ किंवा फॉरच्या आत केलेलं व्हेरिएबल बाहेर आल्यावर संपतं? नाही, लूपमधला 'आय' लूपनंतरही शेवटची किंमत घेऊन उभा असतो. (एक्सेप्टमध्ये 'ॲज' लावून घेतलेलं नाव तेवढं ब्लॉक संपताच पायथॉन ३ स्वतः पुसतो.) फंक्शनच्या डिफॉल्टमधली रिकामी लिस्ट दर वेळी नवी मिळते? नाही, डेफची ओळ चालते तेव्हा एकदाच बनते, आणि मग प्रत्येक कॉलचा कचरा तिच्यातच साठतो.

क्लासमध्ये डंडर-डेल ही ऑब्जेक्ट जाताना चालणारी मेथड लिहिली की फाइल वेळेवर बंद होणारच, यावर तर कधीच विसंबू नका. प्रोग्रॅम संपताना जी ऑब्जेक्ट्स शिल्लक असतात, त्यांच्यासाठी ते चालेल याची हमी भाषा देत नाही. पायपाय हा पायथॉनचा दुसरा इंटरप्रीटर तर रेफरन्स मोजतच नाही, त्यामुळे तिथे फाइल केव्हा बंद होईल ते कलेक्टरच्या मर्जीवर. 'विथ' वापरा, २००६ मधल्या २.५ आवृत्तीपासून ते आहे.

आणि पुढच्या वेळी रॅम फुगली, तर आणखी एक डेल लिहिण्याआधी जीसी मॉड्यूलमधलं गेट-रेफरर्स चालवून बघा. ऑब्जेक्टला कोणी धरून ठेवलंय, ते तिथे दिसेल.